‘मधली स्थिती’ आणि ‘मध्यमवर्ग’ : मराठी साहित्यातील एका संज्ञेचा अर्थविचार

मराठी समीक्षेत ‘मध्यमवर्गीय’ हे विशेषण जितक्या सढळपणे वापरले जाते, तितकी त्याच्या अर्थाची चौकशी होत नाही. एखाद्या कथेतील अनुभवविश्व तोकडे वाटले, नाटकाचा शेवट तडजोडीत झाला, कवितेतील दुःख चार भिंतींच्या आत राहिले, की हे विशेषण तत्काळ हजर होते. पदव्युत्तर परीक्षांच्या उत्तरपत्रिकांत तर ते वर्णन म्हणून क्वचितच येते. बहुधा निवाडा म्हणून येते. परंतु ‘अमुक पात्र मध्यमवर्गीय आहे’ असे म्हणताना नेमके काय सांगितले जाते? त्याचे उत्पन्न, त्याची जात, त्याचा व्यवसाय, की त्याचा स्वभाव? या चारही गोष्टी मराठीत एकाच शब्दात कोंबल्या गेल्या आहेत आणि त्यामुळे तो शब्द टीकेला सोयीचा, पण विवेचनाला गैरसोयीचा झाला आहे. अर्थशास्त्र वा समाजशास्त्र यांच्या व्याख्या मराठी साहित्यकृतींवर बसविण्यापेक्षा, या साहित्यकृतींनीच त्या स्थितीचा अर्थ कसा लावला आहे हे पाहणे अधिक फलदायी ठरेल, अशी प्रस्तुत विवेचनामागील भूमिका आहे.

आरंभ १८८५ या वर्षापासून करणे योग्य होईल. हरि नारायण आपटे यांची ‘मधली स्थिती’ ही पहिली कादंबरी याच वर्षी ‘पुणे वैभव’मधून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. शीर्षकातील ‘मधली’ या शब्दाकडे आजचा वाचक पाहतो तेव्हा त्याला वर श्रीमंत, खाली गरीब आणि मध्ये आपण अशी शिडी दिसते. हरिभाऊंना ती शिडी अभिप्रेत नव्हती. त्यांच्या लेखी ‘मधली’ म्हणजे दोन काळांच्या मधली. जुनी घडी विस्कटली आहे, नवी अजून बसलेली नाही, इंग्रजी विद्या घरात शिरली आहे पण माजघरापर्यंत पोहोचलेली नाही, अशी ती संक्रमणाची अवस्था आहे. म्हणजे ज्या वर्गाला पुढे ‘मध्यमवर्ग’ म्हटले गेले, त्याने स्वतःला प्रथम ओळखले ते एका काळाचा मनुष्य म्हणून. एका आर्थिक थराचा मनुष्य म्हणून नव्हे. संक्रमण संपेल, स्थिती बदलेल, अशी अपेक्षा त्या शब्दात गृहीत होती. ती ‘स्थिती’च पुढे ‘वर्ग’ होऊन बसली, हा या संज्ञेच्या इतिहासातील पहिला महत्त्वाचा बदल होय.

त्याच १८८५ मध्ये पुण्यात दुसरीही एक घटना घडली. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्र लिहून नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रादी अतिशूद्रांच्या स्थितीला स्थान नाही, त्यांच्या सभेत मिसळण्यात अर्थ नाही, असा त्या पत्राचा आशय होता. दोन वर्षे आधी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी सरकारी कचेरीतील शिकलेल्या कामगारवर्गाचे जे चित्र रेखाटले आहे, ते हरिभाऊंच्या चित्राशेजारी ठेवून पाहावे. एकाला जी माणसे काळाच्या कचाट्यात सापडलेली दिसतात, तीच दुसऱ्याला शेतकऱ्याच्या वाटेत बसलेली दिसतात. ही दोन्ही चित्रे खरी आहेत. आणि मध्यमवर्गाचा विचार करताना यांपैकी एकच हाती धरले की विवेचन एकतर करुणेकडे घसरते, नाहीतर शिवीकडे.

फुल्यांच्या आक्षेपाचे मूळ ‘पांढरपेशा’ या शब्दातही सापडते. हा शब्द कचेरीपेक्षा जुना आहे. कोकणातील जुन्या महसुली व्यवहारात पांढरपेशा खातेदार आणि कुणबी खातेदार असा भेद केला जाई. शब्दाचा रोख वस्त्रावर आहे आणि वस्त्र पांढरे राहते ते अंग मातीला लागत नाही म्हणून. ही व्याख्या नकारात्मक आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पांढरपेशा काय करतो हे ती सांगत नाही. काय करीत नाही एवढेच सांगते. इंग्रजी अमदानीत शाळा, कोर्ट, पोस्ट, रेल्वे आणि मामलेदार कचेरी यांतील जागा निर्माण झाल्या तेव्हा त्या भरण्यासाठी हाच थर प्रथम पुढे सरसावला. बी. बी. मिश्र यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मध्यमवर्गांवरील आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, पाश्चात्त्य देशांत हा वर्ग मुख्यतः व्यापार व उद्योग यांतून वर आला, तर भारतात तो शिक्षण, कायदा आणि प्रशासन यांच्या बळावर उभा राहिला. मार्क्सच्या परिभाषेतील छोटा भांडवलदार म्हणजे दुकानदार किंवा कारागीर. मराठी मध्यमवर्गीय मनुष्य त्या साच्यात बसत नाही, कारण त्याच्याजवळ दुकानही नाही आणि हत्यारही नाही. मॅक्स वेबरने वर्ग आणि प्रतिष्ठा-गट यांत जो फरक केला तो येथे अधिक उपयोगी पडतो. महाराष्ट्रात मध्यमवर्ग हा प्रारंभी प्रतिष्ठा-गट होता. पगार त्याला नंतर मिळाला.

मात्र पगार मिळाल्यानंतर एक नवीच अडचण उभी राहिली, आणि मराठी साहित्याला खरे खाद्य तिनेच पुरविले. वतन मुलाला देता येते. जमीन, दुकान, गिऱ्हाईक, भिक्षुकीची यजमानकुळे, एवढेच काय, गावगाड्यातील बलुत्याचा हक्कही पिढीजात चालतो. नोकरी तशी देता येत नाही. कारकुनाच्या मुलाला कारकून व्हायचे तर त्याने पुन्हा पहिल्यापासून पाटी गिरवली पाहिजे, मॅट्रिक झाले पाहिजे, कुणाची तरी चिठ्ठी मिळविली पाहिजे. जो वर्ग आपली मिळकत वारसाला थेट देऊ शकत नाही, त्याला प्रत्येक पिढीत नव्याने घडावे लागते. मराठी मध्यमवर्गीय घरातील परीक्षेचे प्रस्थ, मुलाच्या निकालाच्या दिवशी साऱ्या आळीत पसरणारी शांतता, मुलीच्या स्थळाविषयीची धास्ती, ‘चार लोकांत’ नाव जपण्याची धडपड, या सर्वांचा उगम येथे आहे. या गोष्टींना स्वभावदोष म्हणून हसणे सोपे आहे. पण ज्याच्याजवळ नावाखेरीज मुलाला देण्यासारखे काही नाही, त्याने नाव जपले तर त्यात नवल ते कोणते?

मराठी भाषेने ही स्थिती फार पूर्वी टिपली आहे. लग्नाच्या बोलणीत वरपक्षाचे वर्णन ‘खाऊनपिऊन सुखी’ असे केले जाते तेव्हा त्यातून ना श्रीमंतीचा दावा होतो, ना गरिबीची कबुली. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण तर या वर्गाचे जणू जमाखर्चाचे सूत्रच आहे. मूठ उघडली तर किंमत जाते. म्हणून ती झाकलेली ठेवणे हाच मुख्य उद्योग होऊन बसतो. अंथरूण पाहून पाय पसरण्याचा उपदेश मराठी घरांत इतक्या वेळा का केला गेला, याचे कारण अंथरुणाच्या लांबीपेक्षा ते शेजाऱ्याला दिसते यात अधिक आहे.

या मुठीचे दोन प्रकारचे दर्शन १९३३ या एकाच वर्षी घडले. चिं. वि. जोशी यांचे ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ आणि विभावरी शिरूरकर यांचे ‘कळ्यांचे निःश्वास’ ही दोन पुस्तके त्या वर्षी प्रसिद्ध झाली. अभ्यासक्रमात एक विनोदी वाङ्मयाच्या खात्यात जाते, दुसरे स्त्रीवादी जाणिवेच्या; त्यामुळे ती शेजारी ठेवून वाचण्याचा प्रसंग क्वचितच येतो. वास्तविक ती एकाच घराच्या दोन खोल्यांतून लिहिलेली पुस्तके आहेत.

चिमणराव हा कारकून आहे. त्याच्याभोवती काऊ, मुले आणि आतेभाऊ गुंड्याभाऊ यांचा गोतावळा आहे. त्याच्या फजितीचे स्वरूप बारकाईने पाहिले तर असे आढळते की, ती क्वचितच दारिद्र्यातून उद्भवते. बहुतेक वेळा ती ऐपतीपेक्षा अर्धा इंच वर पाय टाकल्यामुळे होते. काहीतरी आधुनिक, काहीतरी प्रतिष्ठित करण्याचा बेत ठरतो, तो अंगावर येतो आणि मंडळी मूळ पदावर परततात. मूळ पदावर परतणे, म्हणजे तिथून खाली न जाणे, हीच त्या विनोदाची हमी आहे. कितीही घोटाळा झाला तरी चिमणरावाची नोकरी जाणार नाही, हे वाचकाला ठाऊक असते. पालीचे पंडित आणि बडोद्याच्या महाविद्यालयातील प्राध्यापक असलेल्या जोशींनी या वर्गाला बाहेरून चिमटा काढलेला नाही; त्यांच्या हसण्यात घरच्या माणसाची माया आहे. तिलाच विनोदाची मर्यादा म्हणायचे असेल तर म्हणता येईल. पण पहिल्या पुरुषी निवेदनातून चिमणराव स्वतःची मूठ स्वतःच उघडून दाखवितो आणि त्याने तसे केल्याने त्याची किंमत वाचकाच्या मनात वाढते, ही साधी गोष्ट नव्हे. ज्या वर्गाचे जगणे झाकण्यावर चालते त्याने उघड करण्यात सुख मानावे, हा शोध मराठी विनोदाने लावला.

विभावरी शिरूरकरांची मूठ मात्र अशी हसत उघडता येण्यासारखी नव्हती. लेखिकेला टोपणनाव घ्यावे लागले, आणि पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर ती कोण याविषयी मोठी खळबळ उडाली, यावरूनच हे स्पष्ट होते. त्यांच्या कथांतील शिकलेली, मिळवती, वय वाढत चाललेली अविवाहित मुलगी ही त्या काळातील एक नवी आर्थिक वस्तुस्थिती होती. घराने तिला शिकविले ते सुधारणेच्या उत्साहाने. पण तिचा पगार घरात येऊ लागल्यावर तिचे लग्न हा घराच्या उत्पन्नाचा प्रश्न झाला. येथे मध्यमवर्गीयतेचा एक मूलभूत नियम उघडा पडतो. वर्गाचे स्थान कुटुंब टिकविते, व्यक्ती नव्हे. आणि ते टिकविण्याची किंमत कुटुंबातील सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. चिमणरावाच्या घरात काऊला स्वतःचे निवेदन नाही. ते असते तर ‘चऱ्हाट’ हे पुस्तक कितपत विनोदी राहिले असते, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी आवर्जून विचारण्याजोगा आहे.

स्वातंत्र्यानंतर या स्थानाला एक वेगळाच टेकू मिळाला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने घरभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. बढती मिळो न मिळो, भाडे वाढत नाही आणि मालक सहजी बाहेर काढू शकत नाही, अशी ही व्यवस्था होती. जी नोकरी वारशाने देता येत नव्हती तिची उणीव चाळीतील खोलीने काही अंशी भरून काढली, कारण भाडेकरूचा हक्क पुढच्या पिढीकडे जाऊ शकत होता. साहित्याच्या अभ्यासात कायद्याचा हा तपशील सहसा येत नाही. पण तो नसेल तर पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) अर्धवटच समजते. या चाळीतील माणसे एकमेकांना इतकी ओळखतात ती वर्षानुवर्षे कुणी हललेले नसते म्हणून. भ्रमण मंडळ, सांस्कृतिक शिष्टमंडळ, पंतांचा उपास हे सारे त्या स्थिरतेवर उभे आहे. ‘गच्चीसह झालीच पाहिजे’ या प्रकरणात संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेची केलेली नक्कल आणि तिच्या जोरावर मालकाकडे मागितलेली गच्ची पाहावी. एका ऐतिहासिक लोकआंदोलनाची भाषा गच्चीच्या किल्लीपर्यंत आक्रसते. यात उपहास आहे खरा, पण सार्वजनिक जीवनाशी असलेले या वर्गाचे नातेही त्यात नेमके पकडले आहे. त्याला चळवळीचे शब्द तोंडपाठ असतात. त्यांचा उपयोग मात्र तो आपल्या जिन्यापुरता करतो.

या पुस्तकाच्या शेवटी येणाऱ्या ‘एक चिंतन’विषयी समीक्षकांत दोन तट पडतात. काहींना त्यातील हळहळ हृद्य वाटते, काहींना ती भाबडी वाटते. हळहळ खरी आहे. तिचे क्षेत्र मात्र मर्यादित आहे, एवढे म्हणणे पुरेसे व्हावे. गिरगावातील त्या चाळीपासून फार दूर नसलेल्या गिरणगावात एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार राहत होते, त्यांच्या खाणावळी होत्या, त्यांचे फड होते. ‘चाळ’ या शब्दाचा जो अर्थ मराठी वाचकाच्या मनात रुजला तो प्रामुख्याने पांढरपेशा चाळीचा. कामगाराची चाळ त्या शब्दाबाहेर राहिली. प्रातिनिधिकतेचा हा ताबा लेखकाने ठरवून घेतलेला नाही. वाचक, ग्रंथालये, दिवाळी अंक आणि पुढे रंगभूमी व दूरदर्शन यांनी मिळून तो दिला आहे, आणि म्हणून दोष द्यायचाच तर पुलंना देऊन भागण्यासारखे नाही.

नवकथेने या वर्गाच्या मनाचा आतला भाग खणला. गंगाधर गाडगीळांच्या कथांतील कुजत चाललेली नाती आणि पोकळ मोठेपणा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, ते येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याहून अधिक बोलका दाखला विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाचा आहे. बेणारेबाईंवर चालविलेल्या अभिरूप खटल्याचे विवेचन सामान्यतः पुरुषी क्रौर्याच्या अंगाने केले जाते. ते बरोबरच आहे; पण न्यायनिवाडा करणाऱ्यांची यादीही पाहावी. सुखात्मे हा पक्षकार नसलेला वकील आहे, पोंक्षे हा शास्त्रज्ञ होऊ न शकलेला इंटर-नापास मनुष्य आहे, काशीकर दांपत्याला मूल नाही, रोकडे त्यांच्या आश्रयावर वाढलेला आहे. प्रत्येकाची मूठ रिकामी आहे आणि प्रत्येकाला ते ठाऊक आहे. बेणारे ही या कंपूतील सर्वांत कर्तबगार व्यक्ती. तिला शिकविता येते, मुले तिच्यावर लोभ करतात आणि स्वतःच्या पायांवर उभी असल्याचा तिला अभिमान आहे. तिची नोकरी जाणार असल्याची बातमी खेळाच्या मध्येच येते आणि खेळ खेळ राहत नाही. तेंडुलकरांनी येथे गळफास वा तुरुंग दाखविलेला नाही. शिक्षणसंस्थेच्या चालकाचा एक निर्णय त्यांना पुरेसा वाटला. मध्यमवर्गीय जगात नैतिक बहिष्काराचे हत्यार हेच आहे. माणसाला नोकरीतून काढले की त्याची कूस बदलायलाही जागा उरत नाही. ज्यांना स्वतःच्या घसरणीचे भय आहे ते दुसऱ्याला ढकलून आपला तोल सावरतात, असा या खटल्याचा अर्थ लावला तर त्यातील क्रौर्य अधिक समजण्याजोगे होते. क्षम्य होते असे मात्र नव्हे.

आतापर्यंतच्या उदाहरणांत पगार आणि प्रतिष्ठा एकत्र नांदताना दिसल्या. त्यांची फारकत करून दाखविण्याचे काम दलित साहित्याने केले आणि मध्यमवर्गाच्या व्याख्येला खरा धक्का तिथे बसला. बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या शीर्षककथेचा नायक रेल्वेत नोकरीला लागतो. नोकरी सरकारी आहे, पगार ठरलेला आहे, तो शिकलेला आहे, कविता करतो. उत्पन्नाचा निकष लावला तर चिमणरावाची सर्व लक्षणे त्याच्या ठायी आहेत. तरीही राहण्यासाठी खोली शोधताना त्याला जात विचारली जाते, ती लपवावी लागते, आणि कळल्यावर मार खावा लागतो. चिमणरावही काही ना काही लपवितोच. पण त्याचे लपविलेले उघड झाले तर हसे होते, बागुलांच्या नायकाचे उघड झाले तर जीव जाण्याची वेळ येते. ‘झाकली मूठ’ ही एकच म्हण दोघांना लागू पडते आणि दोघांत किती अंतर आहे तेही तीच दाखविते. मध्यमवर्गात शिरण्यासाठी वेतनाखेरीज आणखी काही लागते, आणि ते ज्यांच्याजवळ जन्मतः असते त्यांना ते लागते हे कधी जाणवतच नाही, हे बागुलांच्या कथेने मराठीत प्रथमच इतक्या उघडपणे दाखवून दिले.

दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये हाच ताण निवेदनाच्या रचनेत उतरला आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, अशी ती योजना आहे. शहरात पांढरपेशी नोकरी करणारा, लेखक म्हणून ओळखला जाणारा एक, आणि ज्याचे नावही त्या ओळखीत बसत नाही असा दुसरा. दोघेही एकाच देहात. वर्गांतर झालेल्या माणसाला स्वतःशी बोलण्यासाठीसुद्धा दुभाषी लागतो, हे या योजनेतून सूचित होते. पुढे दत्ता भगत यांच्या ‘वाटा-पळवाटा’ या नाटकात सतीश हा दलित प्राध्यापक, जुन्या पिढीचे काका आणि उतावीळ अर्जुन यांच्या संघर्षातून हा प्रश्न उघड वादाच्या पातळीवर येतो. शिकलेल्यांनी आपला अपेक्षाभंग केला, ही व्यथा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत व्यक्त केली होती, तिची छाया या नाटकावर आहे. तथापि सतीशला सरळसरळ पळपुटा ठरविणारी वाचने नाटकावर अन्याय करतात. वसाहतीतल्या माणसांपासून तो दुरावला आहे हे खरे; पण सवर्ण प्राध्यापकाने फ्लॅट घेतला तर ती त्याची प्रगती आणि दलित प्राध्यापकाने घेतला तर ती समाजाशी प्रतारणा, हे दुहेरी माप कुठून आले, याचीही विचारणा व्हायला हवी. ‘दलित ब्राह्मण’ हा शब्दप्रयोग किती सहजपणे रूढ झाला, आणि त्याला समांतर असा शब्द इतर कोणत्या जातीतील नोकरदारासाठी का तयार झाला नाही, हे तपासले तर उत्तराचा काही भाग मिळतो.

शाळा हे या वर्गाचे प्रवेशद्वार होते, म्हणून प्रवेशाची कथा आणि प्रवेश नाकारला गेल्याची कथा या दोन्हींत शाळाच केंद्रस्थानी येते. आनंद यादवांच्या ‘झोंबी’ (१९८७) मधील कागलचा मुलगा बापाशी, कामाशी आणि भुकेशी झगडत शिकतो. बापाच्या दृष्टीने शाळा म्हणजे शेतातला एक गडी कमी होणे. उलट, महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) मधील देशपांड्यांच्या वाड्यात अंगणातला ट्रॅक्टर गंजत पडला आहे, प्रभाला शिकू दिलेले नाही, आणि मुंबईला गेलेला सुधीर घरच्यांच्या नजरेत सुखवस्तू असला तरी त्याची ओढाताण त्याला ठाऊक आहे. जमीनदारी गेली आणि नोकरी आली नाही, अशा घराचे हे चित्र आहे. या दोहोंच्या मध्ये ‘कोसला’ (१९६३) ठेवली की एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते ती दिसते. पांडुरंग सांगवीकरचे पुण्यातील शिक्षण फसते आणि तो गावी परततो. त्याला परतायला गाव आहे, वडिलांची शेती आहे. त्याच्या पराभवाची खोली कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. पण परीक्षेत नापास होऊन तत्त्वचिंतक होण्याची मुभा चिमणरावाच्या मुलाला मिळाली नसती, एवढे नमूद करणे आवश्यक आहे.

१९६० नंतरच्या लघुनियतकालिकांच्या चळवळीने ‘मध्यमवर्गीय’ या शब्दाला शिवीची धार दिली. प्रस्थापित मासिके, त्यांचा सोवळा भाषाव्यवहार, त्यांतील गुळगुळीत दुःखे यांविरुद्ध ती शिवी तेव्हा आवश्यकच होती. भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ (१९६५) वाचताना ज्यांना धक्का बसला त्यांना तो बसायलाच हवा होता. अडचण पुढची आहे. शिवी देणारे बहुतेक जण बँकांत, कचेऱ्यांत आणि विशेषतः महाविद्यालयांत स्थिरावले, आणि शब्द मात्र सदैव दुसऱ्यासाठी राखून ठेवला गेला. मराठीत ‘मध्यमवर्गीय’ हा बहुधा तृतीय पुरुषीच राहतो. श्याम मनोहरांसारखा एखादाच लेखक असा आहे, जो या वर्गाची निंदाही करीत नाही आणि कौतुकही करीत नाही. ही माणसे विचार करतात का, त्यांना कसले कुतूहल आहे का, असे साधे प्रश्न विचारून तो त्यांच्या दिवाणखान्यात बसून राहतो.

दरम्यान ज्या पायावर ही सारी इमारत उभी होती तो पाया सरकला आहे. १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणाने आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झालेल्या पाचव्या वेतन आयोगाने सेवेत असलेल्यांचे उत्पन्न वाढविले. मात्र पुढे कायम सेवेतील जागाच आटत गेल्या. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन उरले नाही, आणि त्यासाठी मार्च २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांना संप करावा लागला. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या अध्यापकांची पिढी उभी राहिली. त्यांच्याजवळ पदव्या आहेत, ग्रंथसंग्रह आहे, भाषा आहे. नोकरीची शाश्वती तेवढी नाही. जुन्या व्याख्येने ते मध्यमवर्गीय आहेत की नाहीत, हे ठरविता येत नाही.

या प्रश्नाला भिडणारी कृती मध्यमवर्गाविषयी लिहिलेली नाही, हे विशेष. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतरच्या एका कामगार कुटुंबाचे आहे. गिरणीतील कायम नोकरीनेही एक माफक स्थैर्य दिले होते. खोली, मुलांची शाळा, सणवार त्यावर चालत होते. ते गेल्यावर धुऱ्यांच्या मुलांच्या वाटा फुटतात आणि त्यांतील थोरला, शिकलेला, लेखक होऊ पाहणारा बाबा घरातल्या घरात निरुपयोगी ठरतो. पुस्तके त्याला एका वर्गाच्या उंबरठ्यापर्यंत आणतात, पण आत घेणारी नोकरी नसते. नाटकाच्या नावाचा अर्थ जमीनही नाही आणि आकाशही नाही असा आहे. हरिभाऊंच्या ‘मधल्या’ स्थितीला निदान पुढचा काठ दिसत होता. तासिका तत्त्वावरील अध्यापक वर्गात एका आठवड्यात ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ आणि पुढच्या आठवड्यात ‘अधांतर’ शिकवितो, तेव्हा समोरच्या विद्यार्थ्यांना चिमणरावाची ओढाताण विनोदी वाटते की हेवा करण्याजोगी, हे त्याने त्यांना विचारून पाहावे.